बोंबील कोणत्या विद्याशाखेचे?

विद्यापीठात आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र उघडलं, तेव्हा उद्घाटनाला भाषण करायला मला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवून दिला होता: ‘विषयांचं सीमोल्लंघन’. मी फोन करून सांगितलं, दसरा होऊन गेला, आता जमणार नाही. फोनवरची मुलगी म्हणाली, "बरं मॅडम, मग दुसऱ्या कुणाला विचारते," आणि तिने फोन ठेवला. तिच्यावर माझा राग नव्हता. ज्यांच्यावर होता ते तेव्हा फीत कापायची कात्री कुठे ठेवली ते शोधत असतील.

मी डहाणूला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मसोलीत राहते. नवरा रेल्वेत, वडील ट्रेझरीत होते. आमच्या घरात समुद्रावर कुणी पोट भरलं नाही. मासे आम्ही विकत घेतले, तेही घासाघीस करून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे किनाऱ्यावरची माणसं मला जन्मापासून कळतात असा कुणाचा गैरसमज नको.

मी स्वतः पीएचडीसाठी मुंबईला गेले, तेव्हा डोक्यात चिकू होते. चिकूच्या बागांत फवारणी करणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघत होते. तोंडाला पदर बांधून फवारायच्या आणि त्याच हाताने भाकरी खायच्या. फळात काय उतरतं आणि बायकांच्या अंगात काय उतरतं, हे एकत्र बघायचं असं मी माझ्या गाईडना सांगितलं. ते चांगले शिक्षक होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फळ आपलं. बाग ॲग्रिकल्चरची. बायका सोशियॉलॉजीच्या, नाहीतर मेडिकलच्या. तू फळ घे."

मी फळ घेतलं. डिग्री मिळाली, नोकरी मिळाली. बायकांचं पुढे काय झालं ते कुठल्याच विभागाने विचारलं नाही.

पुढे नोकरीत स्थिरावल्यावर चर्चासत्रांचे दिवस आले. बढतीसाठी गुण लागायचे आणि ‘आंतरविद्याशाखीय राष्ट्रीय चर्चासत्र’ भरवलं की ते सगळ्यांना मिळायचे. एका सभागृहात मराठीचे, वाणिज्यचे, भूगोलाचे, आमचे असे सगळे बसायचे. प्रत्येकजण आपापला पेपर वाचायचा, दुसऱ्याच्या वेळी बाहेर चहाला जायचा. मग निबंधांचं जाडजूड पुस्तक निघायचं. त्यातला आंतरविद्याशाखीय भाग म्हणजे दुपारचं जेवण, ते मात्र आम्ही खरंच एकत्र जेवायचो.

या भिंती आल्या कुठून, ते मी नंतर वाचून काढलं. चिडले होते म्हणूनच वाचलं. या भिंती फार जुन्याही नाहीत. आधी निसर्गाचा अभ्यास करणारा माणूस दगड, पान, पाऊस, जे समोर येईल ते बघायचा. आधुनिक विद्यापीठांनी विभाग केले, विभागाला प्रमुख आला, प्रमुखाला खोली, खोलीला अनुदान, आणि अनुदान आलं की कुंपण आलंच. मग ज्याला प्रश्नाच्या मागे जायचं आहे तो कुंपणावर अडकायला लागला. युद्धाच्या काळात गरज पडली तेव्हा गणितवाले, भौतिकवाले, डॉक्टर सगळे एका टेबलाशी बसले, कुणी कुणाला विभाग विचारला नाही. युद्ध संपलं आणि आपापल्या खोल्यांत परत गेले. जीवरसायनशास्त्र हा एकेकाळी दोन घरचा पाहुणा होता. आता त्याचा स्वतःचा विभाग आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याने तिकडे डोकावलं तर तेच विचारतात, तुमचा मूळ विषय कोणता. पर्यावरण आलं, स्त्री-अभ्यास आला. रस्त्यावरच्या लोकांनी ओरडून ओरडून ते विद्यापीठात घुसवले. विद्यापीठाने त्यांना खोली दिली, अभ्यासक्रम दिला, आणि आता तेही दार लावून बसतात.

आमच्याकडे हे सगळं उशिरा आलं आणि परिपत्रकातून आलं. कालपर्यंत ज्या गोष्टीसाठी कान पिळले जायचे, ती उद्यापासून सक्तीची. असो. मी सांगणार आहे ते माझ्या विद्यार्थिनीबद्दल.

ती किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली. नरपडच्या पुढे गाडीने गेलं की लागतं तिचं गाव. नाव लिहीत नाही, गावाला विनाकारण बोल नको. एमएस्सीला ती माझ्याकडे होती. नंतर तलासरीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, सुट्टी लागली की घरी बसा, पुढच्या वर्षी परत अर्ज करा. नेट-सेट तिचं होत नव्हतं. कायम नोकरी हवी तर पीएचडी हा एकच रस्ता उरला होता. तिला डिग्री हवी होती ती नोकरीसाठी, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही माझी नोकरीसाठीच केली.

विषय मात्र तिने मनापासून निवडला. तिच्या गावात बोंबील वाळतात. वाळूत खांब रोवून आडवे बांबू बांधतात, त्याला वलांडी म्हणतात, आणि त्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगतात. माशी बसू नये म्हणून अलीकडे काही घरांतून त्यावर औषध शिंपडायला लागले. औषध म्हणजे घरात माशा-ढेकूण मारायला आणतात तेच, पाण्यात कालवून. तलासरीचा एक व्यापारी ठोक माल उचलतो. मी त्याच्या दुकानात उभी असताना एका बाईची गोणी त्याने परत केली. "बेन, माखी बेठी तो माल गयो," म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. झालं. ज्या बायका त्याला माल घालतात त्या औषध मारतात. ज्या आगोटीच्या बाजारात, म्हणजे पावसाळ्याची भरती करायला लोक येतात त्या बाजारात, स्वतः बसून विकतात त्या मारत नाहीत. कारण त्यांचं गिऱ्हाईक समोर उभं राहून वास घेतं.

तिचे प्रश्न दोन होते. बोंबलात औषध किती उरतं? आणि कोण मारतं, का मारतं? पहिला रसायनशास्त्राचा, दुसरा समाजशास्त्राचा. नव्या नियमात दोन विद्याशाखांचे दोन मार्गदर्शक चालत होते. मी एक झाले. समाजशास्त्राचे एक सर दुसरे झाले. गृहस्थ सज्जन, पण समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारे.

तिने घराघरांतून माहिती घेतली आणि गोण्यांतून नमुने आणले. पिशवीवर घराची खूण, बाजूला औषध मारतात की नाही. मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून तपासून आणलं. निकाल आले आणि आमचे चेहरे पडले. जी घरं औषध मारत नाही म्हणाली होती, त्यांच्याही बोंबलांत औषध होतं. काहींत तर मारणाऱ्यांइतकंच. त्यात तिच्या आत्याची गोणी होती.

ही आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि सगळं घर तिने खांद्यावर घेतलं. भाचीच्या कॉलेजची फी आत्याने बोंबील विकून भरलेली. तलासरीच्या बाजारात तिची जागा ठरलेली आहे. झरीहून, आतल्या पाड्यांवरून बायका येतात त्या तिच्याकडूनच घेतात. "माझ्या बोंबलाला समुद्राचा वास, दुकानाचा न्हाय," हे ती दिवसातून किती वेळा ओरडत असेल देव जाणे.

मी निकालांचं टेबल बघितलं आणि म्हटलं, "तुझी आत्या थापा मारते."

"आत्या?" ती म्हणाली. "मॅडम, तिने ते औषध घरात आणलं म्हणून वहिनीशी भांडण काढलं होतं. ढेकूण परवडले म्हणाली."

"मग हे काय, देवाने घातलं?"

समाजशास्त्राच्या सरांना फोन लावला. त्यांनी लगेच निदान केलं, "लॅबमध्ये भांडी नीट धुतली नसणार." म्हणजे माझ्या मते त्यांची माणसं खोटी आणि त्यांच्या मते माझी भांडी घाण. दोन मार्गदर्शक असण्याचा हा फायदा, दोष टाकायला नेहमी पलीकडचं घर असतं.

मी म्हटलं, पुन्हा नमुने घ्यायचे, आणि या वेळी मी येणार. गोणीतून नको, थेट वलांडीवरून घेऊ. दुपारी पोचलो. आत्या आपल्या बांबूंखाली बसून जाळ्याचा तुकडा शिवत होती. मला बघून म्हणाली, "या बाय. आज मॅडमलापण उन्हात वाळवणार काय?" भाचीला म्हणाली, "टोपी तरी द्यायची गो त्यांना, गोऱ्या हायेत, करपतील." मी गोरी नाही. ती मला चिडवत होती.

आम्ही पिशव्या भरत होतो. थोड्या वेळाने समुद्राकडून आभाळ काळं झालं. अवकाळी सर. भिजलेला बोंबील कुजतो, म्हणजे गेलाच. कुणीतरी हाक दिली आणि वाळूत जी एकच धावपळ उडाली, तशी मी कधी बघितली नव्हती. घरांतून बायका, पुरुष, म्हातारी माणसं बाहेर आली आणि हाताला लागेल त्या बांबूवरून बोंबील ओरबाडायला लागली. माझी विद्यार्थिनी, खूण घातलेल्या पिशव्या हातात घेऊन इतका वेळ शास्त्रीय पद्धतीने उभी होती ती, पिशव्या वाळूत टाकून पळाली. ती आत्याच्या वलांडीकडे गेली नाही. शेजारची वलांडी जवळ होती, तिथे गेली. ते औषध मारणारं घर होतं, तिनेच मला आल्या आल्या दाखवलेलं. तिथले बोंबील तिने आत्याच्या टोपलीत भरले, टोपली नेऊन मधल्या मोठ्या ढिगावर ओतली आणि परत पळाली.

मी ओरडले, "अगं, ते कुणाचे आहेत?"

ती पळता पळता म्हणाली, "आत्ता कुणाचे असतात का मॅडम!"

ढिगावर ताडपत्री पडली, चार बाजूंनी दगड ठेवले, सर आली आणि गेली. ती ओल्या केसांनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी ढिगाकडे बघत होते. मग तीही बघायला लागली. मला वाटतं, तेव्हा तिला कळलं.

"नंतर कसं ओळखता आपले कोणते?" मी विचारलं.

"ओळखत नाही. ज्याच्या जेवढ्या टोपल्या वाळत होत्या तेवढ्या तो उचलतो. संध्याकाळी दव पडायच्या आधी पण असंच... मॅडम, रोजच असंच." तिने कपाळावर हात मारला. "मी लिहिलंच नाही. लिहायचं असतं हे सुचलंच नाही."

कसं सुचणार? जेवताना उजवा हात वापरतो असं कुणी प्रबंधात लिहितं का? परक्या माणसाला विचारून विचारून हे कळलं असतं. तिला विचारायची गरजच नव्हती, आणि मला काय विचारायचं ते माहीत नव्हतं. तिने पिशव्यांवर घरांच्या खुणा घातल्या, कारण मीच तिला तसं शिकवलं होतं, नमुना कुणाचा ते आधी लिही. गावात तर टोपल्यांचा आकडा ज्याचा त्याचा, बोंबील सगळ्यांचे.

आता टेबल बोलायला लागलं. आत्या खरी होती, भांडीही स्वच्छ होती. औषध थोडी घरं मारत होती आणि ढिगातून ते सगळ्यांच्या गोणीत जात होतं. न मारणारी बाई काहीही केलं तरी यातून सुटू शकत नव्हती. आणि झरीची बाई आत्याच्या बोंबलाचा वास घेऊन निर्धास्त घरी जात होती. चौथं प्रकरण तिने झपाटल्यासारखं लिहिलं. मी इतक्या वर्षांत इतकं सरळ, इतकं उपयोगी काही वाचलं नव्हतं.

मग ते रसायनशास्त्राच्या समितीपुढे गेलं. प्रबंध द्यायच्या आधीचं सादरीकरण. अध्यक्षांनी टेबल बघून मान डोलावली. "फर्स्ट क्लास. याचा पेपर होईल. पण हे चौथं प्रकरण काय आहे? आभाळ, ताडपत्री. हे ललित झालं."

"आणि सगळे पळतायत," दुसरे सदस्य म्हणाले. हसले.

"सर, त्याच्याशिवाय टेबलाचा अर्थ लागत नाही," ती म्हणाली.

"का नाही लागत? घरं म्हणतात वापरत नाही, आणि सापडतं. सरळ आहे. माहिती देणाऱ्यांनी लपवलं. एक वाक्य टाक आणि चौथं प्रकरण काढ. पुढच्या महिन्यात सबमिट कर."

"पण त्यांनी लपवलं नाही."

"तसं थेट नको म्हणू. ‘सेल्फ-रिपोर्टिंग विश्वासार्ह नाही’ असं लिही. सभ्य भाषा आहे."

मी उठले. मला बोलायची परवानगी नव्हती, मी बोलले. "सर, ते वाक्य चुकीचं आहे. चुकीचं वाक्य लिहून घेऊन डिग्री देणार?"

"मॅडम, चुकीचं असेलही," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचं नाही."

हे वाक्य आठवलं की अजून माझं डोकं तडकतं. बाई खोटी आहे की खरी, याचं उत्तर विभागाप्रमाणे बदलतं, असं एक शिकलेला माणूस पंख्याखाली बसून सांगतो आणि बाकीचे चहा पितात.

समाजशास्त्राच्या सरांनी प्रबंध त्यांच्याकडे नेला. तिथे चौथं प्रकरण सर्वांना फार आवडलं. टेबल तेवढं काढा म्हणाले, आमच्याकडे ते तपासायला परीक्षक नाही. मग नव्या केंद्रात गेलो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायची खोली रंगवून केंद्र केलं होतं. संचालक व्यवस्थापनशास्त्राचे. त्यांनी दोन्ही हात पसरले, "अहो, अशाच संशोधनासाठी तर आम्ही आहोत!" फक्त नोंदणी नव्याने करावी लागेल. आधीची वर्षं धरता येणार नाहीत, ती दुसऱ्या विद्याशाखेतली. परीक्षकांचं मंडळ अजून बनायचं आहे. बसा, चहा घ्या.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या कायम जागेची जाहिरात निघाली. अशी जागा कित्येक वर्षांत निघाली नव्हती. मुलाखतीपर्यंत डिग्री हातात हवी. समितीचं ऐकलं तर ती वेळेत मिळत होती.

मी तिला तलासरीच्या स्टँडवर गाठलं. ती तास संपवून बसची वाट बघत होती.

"टाक ते वाक्य," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला ओळखत नाही असं म्हटलं होतं.

"बघू नकोस अशी. प्रबंध कोण वाचतं? दोन परीक्षक आणि वाळवी. नोकरी लागू दे, मग चौथ्या प्रकरणाचं पुस्तक काढ, मी पैसे घालते."

"त्यात घरांची यादी आहे मॅडम. गाव आहे. ‘न वापरणारी घरं’ म्हटलं की गावात कुणालाही कळतं कोण."

"गावात कोण वाचणार आहे? आत्याला तर वाचताही येत नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. "वाचता येत असतं तर तिने उत्तर दिलं असतं."

"मग टेबल काढ. दोन्ही काढ. नुसतं पाणी किती, मीठ किती यावर प्रबंध कर."

"समितीला टेबलच हवंय. ते काढलं तर यात नवीन काय म्हणतील. आणि मॅडम, औषध सापडलं ते गप्प बसायचं?"

मी तिला बरंच बोलले. घमेंड म्हटलं, मूर्ख म्हटलं. घरात खाणारी तोंडं किती आणि कमावणारे हात किती, तेही ऐकवलं.  बस आली तशी ती पिशवी उचलून म्हणाली, "तुम्ही फळ घेतलंत ना मॅडम, तेव्हा बायका राहिल्या. माझ्या प्रबंधात तर बाई आत्याच आहे." आणि चढली. मी स्टँडवर उभी. राग एवढा आला होता की माझी स्वतःची बस समोरून गेली ते कळलं नाही. पोरीने मला माझ्याच गोष्टीने मारलं होतं, आणि ती गोष्ट मीच तिला वर्गात कौतुकाने सांगितली होती.

तिने केंद्रात नव्याने नोंदणी केली. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या मुलाचं काही चुकलं नाही, हुशार आहे, त्याने नियमात बसणारा विषय घेतला होता.

आत्याला यातलं काही सांगायचं नाही असं भाचीने ठरवलं होतं. पण गावात काय लपतं? मी पुढच्या वेळी गेले तेव्हा आत्या वलांडीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. भाची बाजूला बोंबील अडकवत होती, मान खाली.

"ही माझ्यासाठी नोकरी सोडून आली, खरं का बाय?" आत्याने मला विचारलं. त्यांची घरातली बोली मला नीट लिहिता येत नाही, माझ्या मराठीत लिहिते. "मला खोटी म्हणायचं होतं, ते म्हणाली नाही?"

"हो."

ती भाचीकडे वळली. "अगो, मला खोटी म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं? बाजारात रोज म्हणतात. चोर म्हणतात, मापात मारते म्हणतात. मी खाते का पिते त्याने? म्हणायचं होतंस आणि पगार घ्यायचा होतास!"

"तू खोटी नाहीस," भाची म्हणाली.

"मला ठाऊक नाही काय मी खोटी नाही! ते तुझ्या साहेबांकडून लिहून आणायला पाहिजे?" मग मला, "आणि तुम्ही? तुम्ही मास्तरीण ना तिची? सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं," मी म्हटलं. "स्टँडवर उभी राहून ओरडून सांगितलं. ऐकलं नाही."

"कुणावर गेली काय ठाऊक," आत्या म्हणाली. भाची तोंड वळवून हसली. आत्याला ते दिसलं, आणि तिने बोंबलाने तिच्या पाठीत हाणलं.

मग आत्या बसून बोंबलांचे जबडे अडकवायला लागली.  अडकवता अडकवता तिने विचारलं, "ते औषध माझ्या गोणीत येतं, ते खरं?"

"खरं," मी म्हटलं. "ढिगातून येतं. जी घरं मारतात त्यांना थांबवा. नाहीतर ढीग वेगळे करा, ज्याचा त्याचा."

"ढीग वेगळे?" ती माझ्याकडे एखाद्या लहान पोरीकडे बघावं तशी बघायला लागली. "आणि आभाळ आलं नि मी बाजारात असले तर? ताप येऊन पडले तर? माझे कोण उचलणार, तुमची समिती?"

 भाचीने हात थांबवले होते.

"मारणाऱ्यांकडे मी जाते," आत्या म्हणाली. "व्यापारी माल परत करतो म्हणून त्या मारतात. त्यांचा माल माझ्याबरोबर बाजारात बसवता येईल काय ते बघते. ऐकल्या तर ऐकल्या. शिव्या घातल्या तर मलाही येतात." आणि पुन्हा कामाला लागली.

परतताना भाची मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिच्या तोंडावर नवीन काहीतरी सुचल्याचं लक्षण मला दिसत होतं आणि मी तिकडे बघायचं टाळत होते.

"मॅडम," ती म्हणालीच, "ढीग वेगळा का करता येत नाही, ते पण घालावं लागेल. आत्या त्या घरांशी काय बोलते, त्या काय म्हणतात, एक हंगाम बघावं लागेल. पाचवं प्रकरण होईल."

म्हणजे आणखी एक वर्ष तासांवर. आणखी एक वर्ष त्या रंगवलेल्या खोलीत चहा. पुढची जागा कधी निघेल ते कुणालाच माहीत नाही, आणि हे पाचवं प्रकरण तपासायला परीक्षक कोणत्या विषयाचा लागेल, ते संचालकांना विचारलं तर ते पुन्हा दोन्ही हात पसरतील. मला तिला एक चांगली थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं तर तिला नाही, पण समोर तीच होती.

"घाल," मी म्हटलं. "आणि केंद्रात तू जाऊ नकोस. मी जाते सोमवारी. परीक्षकांचं मंडळ बनल्याशिवाय मी त्या खोलीतून उठणार नाही, सांग त्यांना. नको, मीच सांगते."